धातूची पूड मिसळलेल्या इंधनाचा थेंब नेमका कसा जळतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही केरोसिनमध्ये वजनाने ६० टक्के ॲल्युमिनियमची पूड आणि थोडा सर्फॅक्टंट (कण द्रवात विखुरलेले ठेवणारे द्रव्य) मिसळून स्लरी, म्हणजे दाट मिश्रण, तयार केली. पुडीच्या कणांचा सरासरी आकार ५ मायक्रॉन आहे. या स्लरीचा साधारण १ मि.मी. व्यासाचा थेंब क्वार्ट्झच्या बारीक तंतूला टांगून तुम्ही हवेत पेटवला आणि वेगवान कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. व्यासाच्या वर्गाचा काळाशी आलेख काढल्यावर रेषा थोडा वेळ सरळ उतरली आणि मूळ मूल्याच्या सुमारे ७० टक्क्यांवर येऊन एकदम आडवी झाली. त्यानंतर काही थेंब फुटले, तर काहींची ज्योत विझून तंतूवर करडा, कडक गोळा उरला, आणि त्यातला धातू जवळजवळ जळलेलाच नव्हता. तुम्ही विचारता की कण इतके बारीक असताना ते जळले का नाहीत, आणि पूड नॅनो आकाराची घेतली तर अडचण सुटेल का.

थोडक्यात उत्तर असे की शेवटी जळायला उरतो तो तुम्ही टाकलेला कण नसतो, थेंबाने वाळता वाळता घडवलेला गोळा असतो. पुडीचा आकार डब्यावर छापलेला असतो. जळणाऱ्या गोळ्याचा आकार मात्र थेंबाचा आकार, पुडीचे प्रमाण आणि कवचाची छिद्रे ठरवतात. बाकीचे सगळे या एका गोष्टीतून निघते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने आणि शक्य तिथे आकडे घालून सांगतो.

धातू मिसळण्याचा खटाटोप मुळात कशासाठी, हे आधी पाहू. केरोसिनच्या एका किलोमधून सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, ॲल्युमिनियमच्या एका किलोमधून फक्त ३१. वजनाच्या हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार दिसतो. पण ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट आहे आणि केरोसिनची सुमारे ०.८१ पट. तुमच्या स्लरीची घनता १.४ च्या आसपास येते, तिच्या एका लिटरमध्ये ५० मेगाज्यूल मावतात, आणि निव्वळ केरोसिनच्या एका लिटरमध्ये ३५. जिथे टाकीची जागा ठरलेली असते आणि वजनापेक्षा आकारमानाची अडचण मोठी असते, तिथे हा फरक निर्णायक ठरतो. रॅमजेट इंजिन, म्हणजे समोरून वेगाने शिरणारी हवा त्या वेगानेच दाबून वापरणारे जेट इंजिन, हे त्याचे ठळक उदाहरण. बोरॉनचे आकडे तर मोह पाडणारे आहेत. किलोमागे सुमारे ५८ मेगाज्यूल आणि घनता २.३४ असल्यामुळे जेपी-१० या दाट इंधनात वजनाने ६० टक्के बोरॉन मिसळले की लिटरमागे ७६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते, म्हणजे निव्वळ जेपी-१० च्या जवळजवळ दुप्पट. याच आकड्यांमुळे अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील लुइस प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात मॅग्नेशियम आणि बोरॉनच्या स्लरींवर काम झाले, १९८० च्या दशकात बोरॉन स्लरीचा विषय पुन्हा वर आला, आणि १९९० च्या दशकात त्याच लुइस प्रयोगशाळेने रॉकेटसाठीच्या आरपी-१ केरोसिनच्या जेलमध्ये ५ आणि ५५ टक्के ॲल्युमिनियम मिसळून चाचण्या घेतल्या. आपल्याकडे आयआयटी खरगपूरमध्ये द्रव इंधनातील बोरॉनवर काम झालेले आहे. इतक्या वर्षांत ऊर्जेचा हिशेब बदललेला नाही. अडचण कायम राहिली ती एकच: कागदावरची ही उष्णता इंजिनात, उपलब्ध असलेल्या काही मिलिसेकंदांत, बाहेर काढायची कशी.

आता तुमच्या आलेखाकडे वळू. सुरुवातीची सरळ उतरती रेषा म्हणजे गॉडसेव्ह आणि स्पाल्डिंग यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला व्यासवर्ग नियम. थेंबाच्या पृष्ठभागावरून द्रवाची वाफ होते, ती बाहेर पसरते, आत येणाऱ्या ऑक्सिजनशी तिची गाठ पडते तिथे ज्योत उभी राहते, आणि त्या ज्योतीची उष्णता पुन्हा थेंबाकडे येऊन आणखी द्रवाची वाफ करते. या चक्रात व्यासाचा वर्ग काळाबरोबर एकसारख्या गतीने घटतो. हवेत जळणाऱ्या केरोसिनसारख्या इंधनासाठी ही गती सेकंदाला ०.८ चौरस मि.मी.च्या आसपास धरता येते. त्यामुळे १ मि.मी.चा निव्वळ केरोसिनचा थेंब संपायला सव्वा सेकंद लागतो, आणि फवाऱ्यातला १०० मायक्रॉनचा थेंब १२ ते १३ मिलिसेकंदांत संपतो. या टप्प्यात धातूचे कण निव्वळ प्रवासी असतात. द्रवाचे तापमान त्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेने ॲल्युमिनियमला काहीही होत नाही.

मात्र या प्रवाशांना आत सरकायला वेळ मिळत नाही, आणि सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे. १०० मायक्रॉनच्या थेंबाचा पृष्ठभाग वरील गतीनुसार सेकंदाला सुमारे २ मि.मी. या वेगाने आत सरकत असतो. द्रवातल्या १ मायक्रॉनच्या कणाला निव्वळ रेणूंच्या धडकांनी, म्हणजे ब्राउनियन हालचालीने, त्या सरकत्या पृष्ठभागापुढून पळ काढायचा असेल तर त्याचा विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याच्या गतीचे माप, सेकंदाला २ चौरस मायक्रॉनच्या आसपास भरतो. पृष्ठभागाचा वेग आणि थेंबाची त्रिज्या यांच्या गुणाकाराला या गुणांकाने भागले की पेक्ले अंक मिळतो, आणि तो इथे ४० ते ५० हजारांच्या घरात येतो. तो एकाच्या आसपास असता तर कण थेंबभर सारखे पसरत राहिले असते. इतक्या मोठ्या अंकाचा अर्थ असा की मागे हटणारा पृष्ठभाग वाटेत येणारा प्रत्येक कण गोळा करत जातो, जसा केरसुणीपुढे कचरा साचत जातो. थेंबाच्या आतील अभिसरण थोडी ढवळाढवळ करते हे खरे. पण तुमच्यासारख्या दाट स्लरीची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) इतकी जास्त असते की तिथे त्याचा प्रभाव फारसा राहत नाही.

अशा रीतीने पृष्ठभागालगत कणांचा थर दाटत जातो आणि एका क्षणी कण एकमेकांना इतके टेकतात की थर हलू शकत नाही. मग कवच तयार होते आणि थेंबाचा बाहेरचा व्यास गोठतो. तुमची रेषा आडवी झाली ती इथे. हा क्षण कधी येतो त्याचा अंदाज वस्तुमानाच्या साध्या ताळेबंदातून काढता येतो. वजनाने ६० टक्के ॲल्युमिनियम म्हणजे आकारमानाने ३१ टक्के, आणि स्वैरपणे रचलेल्या गोल कणांची घट्ट रचना आकारमानाच्या सुमारे ६० टक्के जागा व्यापते. सगळा द्रव जाऊन सगळे कण असे घट्ट रचले गेले तर उरलेल्या गोळ्याचा व्यास मूळ व्यासाच्या ८० टक्के भरतो. उलट टोकाला, कणांचे दोन-तीन थर जमले तरी कवच ताठ होते असे धरले, तर व्यास ९७ टक्क्यांवरच गोठतो. तुमच्या आलेखातील ७० टक्के हे मूल्य वर्गाचे आहे, म्हणजे व्यास सुमारे ८४ टक्के. तो या दोन मर्यादांच्या मध्ये, घट्ट टोकाच्या जवळ पडतो. याचा अर्थ तुमच्या थेंबात बऱ्यापैकी जाड कवच आणि मध्ये छोटी पोकळी असायला हवी. विझलेला गोळा राळेत बसवून, कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ही पोकळी दिसली तर हिशेब जुळला असे समजा.

गोळ्याचा व्यास त्याच्या आकारमानाच्या घनमुळाने बदलतो, आणि या ताळेबंदातील हे घनमूळ फार महत्त्वाचे आहे, कारण तेच आपल्याला सारखे चकवते. पुडीचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले, म्हणजे बारा पटींनी घटवले, तरी घट्ट गोळ्याचा व्यास ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंतच उतरतो. आणि पुडीच्या मूळ कणाचा आकार या सूत्रात येतच नाही. १०० मायक्रॉनच्या एका थेंबात ५ मायक्रॉनचे सुमारे २५०० कण असतात, तुमच्या १ मि.मी.च्या थेंबात सुमारे २५ लाख. ते सगळे एका गोळ्यात अडकतात. १०० मायक्रॉनच्या थेंबातला गोळा वितळून भरीव झाला तर ६८ मायक्रॉनचा ॲल्युमिनियमचा थेंब होतो. ॲल्युमिनियमच्या थेंबाचा जळण्याचा काळ व्यासाच्या साधारण १.८ व्या घाताने वाढतो असे धरले, तर ५ मायक्रॉनच्या सुट्या कणापेक्षा या थेंबाला शंभर पटींहून जास्त वेळ लागेल. अगदी लहान कणांत तो घातांक कमी होतो, त्यामुळे हा आकडा काटेकोर नाही, पण कोणत्या पातळीचे नुकसान होते ते त्यावरून कळते. बारीक पुडीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे इथे वाया जातात.

कवच तयार झाल्यावर थेंबाचे काय होते, हे कवचाच्या छिद्रांवर अवलंबून आहे. छिद्रे मोकळी असतील तर कवच समईच्या वातीसारखे वागते. आतले केरोसिन केशाकर्षणाने बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत चढते, तिथे त्याची वाफ होते, ज्योत जळत राहते आणि बाहेरचा आकार मुळीच बदलत नाही. पुढे द्रव कमी पडला की ओली सीमा आत सरकते, बाहेरचा कोरडा थर तापू लागतो आणि ज्योत हळूहळू आक्रसून विझते. तुमचे जे थेंब फुटले नाहीत त्यांची कथा ही आहे. ५ मायक्रॉनच्या कणांच्या, ४० टक्के पोकळ असलेल्या आणि १०० मायक्रॉन जाड कवचातून तेवढी वाफ बाहेर पडायला किती दाब लागेल, हे सच्छिद्र थरातील प्रवाहाच्या कोझेनी-कार्मन सूत्राने काढले तर उत्तर वातावरणीय दाबाच्या सुमारे एक शतांश येते. एवढ्या दाबाने काहीच फुटत नाही.

मग तुमचे काही थेंब फुटले का? इथे सर्फॅक्टंट आड येतो. भरीत करताना वांग्याला टोचे मारले नाहीत तर ते विस्तवावर फुटते, कारण वाफेला वाट नसते. कवचाच्या बाबतीत टोचे आधीपासूनच असतात, पण सर्फॅक्टंट ते बुजवतो. त्याचे रेणू जड असतात आणि केरोसिनबरोबर उडून न जाता कणांभोवती मागे राहतात. कवचाचा बाहेरचा भाग तापला की त्यांचे विघटन होऊन चिकट आणि पुढे कोळशासारखा पदार्थ छिद्रांत बसतो. बोरॉन आणि जेपी-१० च्या स्लरीचे थेंब मोकळे सोडून अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात ताकाहाशी, ड्रायर आणि विल्यम्स यांनी १९८० च्या दशकात जे प्रयोग केले, त्यांतून छिद्रे बुजून आत दाब वाढतो आणि कवच फुटते हे चित्र पुढे आले. छिद्रे बुजली की द्रवाचे तापमान त्या वाढत्या दाबाच्या उत्कलनबिंदूबरोबर वर चढते आणि कवच जिथे सर्वांत कमकुवत असते तिथे फाटते. निव्वळ मिश्र इंधनांच्या थेंबातही सूक्ष्म स्फोट होतो, पण तिथे द्रव अतितापनाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे साधारण क्रांतिक तापमानाच्या (ज्याच्या वर द्रव आणि वाफ यांत फरक उरत नाही) नऊ दशांशापर्यंत, तापावा लागतो. स्लरीत लाखो कणांच्या पृष्ठभागावर बुडबुडे सहज जन्म घेतात, त्यामुळे इतक्या अतितापनाची वेळ येत नाही. म्हणून स्लरीच्या थेंबाच्या फुटण्याला मी कवच फाटणे म्हणणे पसंत करतो. दोन्हींना एकच नाव दिले की कारणेही एकच आहेत असा समज होतो.

तुमच्या एकाच बाटलीतले काही थेंब फुटले आणि काही फुटले नाहीत, याचे बहुधा कारण स्लरी खाली बसणे हे आहे. विरळ मिश्रणात ५ मायक्रॉनचा ॲल्युमिनियमचा कण केरोसिनमधून मिनिटाला सुमारे १ मि.मी. खाली उतरतो. दाट स्लरीत तो बराच मंदावतो, पण सिरिंज अर्धा तास उभी ठेवली तर पहिला आणि शेवटचा थेंब सारख्या घटकांचा राहत नाही. प्रत्येक थेंबाआधी स्लरी हलवून घ्या, आणि प्रत्येक विझलेला गोळा वजन करून थेंबागणिक धातूचे प्रमाण नोंदवा. हे न करता काढलेली फुटण्याची टक्केवारी मी स्वतः स्वीकारणार नाही.

थेंब फुटणे नेहमी फायद्याचेच असते असेही नाही. कवच पातळ असताना, आत भरपूर द्रव शिल्लक असताना ते फुटले तर तुकडे बारीक होतात आणि प्रत्येक तुकड्याबरोबर थोडे इंधन जाते, जे त्याला तापवते. तेच उशिरा फुटले तर कवचाच्या खापऱ्या उडतात, आणि अशी एखादी खापरी म्हणजे शेकडो कणांचा आधीच कडक झालेला गोळाच असतो. सर्फॅक्टंट वाढवून फुटणाऱ्या थेंबांची संख्या वाढवता येते, पण त्याच्याबरोबर कमी ऊर्जेचा आणि कोळसा सोडणारा पदार्थही वाढतो. स्लरी टिकवायला लागेल तितका कमीत कमी सर्फॅक्टंट घालून सुरुवात करावी आणि तिथून वाढवत फुटण्याची वेळ नोंदवावी, असा माझा आग्रह असतो.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा काटा: गोळा जळला का नाही? ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला, म्हणजे ९३३ केल्विनला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २३२७ केल्विनपर्यंत घन राहतो. मायक्रॉन आकाराचे कण नीट पेटायला तो पापुद्रा वितळून बाजूला सरकावा लागतो. त्यानंतर मात्र ॲल्युमिनियम फार जोमाने जळते, कारण ते सुमारे २८०० केल्विनला उकळते आणि त्याचा ऑक्साइड त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला विघटित होऊन वायुरूप होतो. ज्या धातूचा उत्कलनबिंदू त्याच्या ऑक्साइडच्या त्या तापमानाखाली असतो तो वाफेच्या रूपात, स्वतःची ज्योत धरून जळू शकतो, ही ज्वलनतज्ज्ञ आयर्विन ग्लासमन यांची कसोटी इथे चोख लागू पडते.

तुमचा गोळा २३२७ केल्विनपर्यंत पोहोचू शकत होता का, ते पाहू. त्या तापमानाला, उत्सर्जकता (प्रारण सोडण्याची क्षमता, कमाल १) ०.३ धरून, गोळ्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ५ लाख वॉट उष्णता प्रारणाने निघून जाते. गोळा १ मि.मी.चा असो वा ८० मायक्रॉनचा, दर चौरस मीटरमागे हा तोटा तेवढाच असतो. भोवतालच्या तप्त वायूकडून येणारी उष्णता मात्र व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रासायनिक उष्णता तूर्त बाजूला ठेवून वायूची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे ०.१२ वॉट धरली, तर निव्वळ हा तोटा भरून काढण्यासाठी ८० मायक्रॉनच्या गोळ्याभोवतीचा वायू गोळ्यापेक्षा सुमारे १७० अंशांनी तप्त असावा लागतो, आणि १ मि.मी.च्या गोळ्याभोवतीचा जवळजवळ २००० अंशांनी. तुमच्या प्रयोगात हवेत जळणाऱ्या केरोसिनच्या ज्योतीचे सैद्धांतिक कमाल तापमानच २३०० केल्विनच्या आसपास आहे, आणि केरोसिन संपल्यावर ती ज्योतही विझते. त्यामुळे तुमचा गोळा पेटणे शक्यच नव्हते. प्रयोगात तुमच्याकडून काही चुकलेले नाही. थंड हवेत टांगलेल्या मोठ्या थेंबाकडून धातू पेटण्याची अपेक्षा करणे हीच अडचण आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ॲल्युमिनियम स्लरीच्या थेंबांचे आणि गोळ्यांचे ज्वलन अभ्यासले, तेव्हा त्यांनीही तप्त वायूचे वातावरण पुरवूनच काम केले. तुम्हालाही सपाट ज्योतीच्या बर्नरवर, जिथे ऑक्सिजन शिल्लक आहे अशा तप्त वायूत थेंब धरावा लागेल.

बोरॉनकडे वळण्याचा तुमचा विचार दिसतो, म्हणून थोडे सांगतो. तिथे अडचण उलट्या बाजूने येते. बोरॉनचा ऑक्साइड ४५० अंश सेल्सिअसलाच वितळतो आणि कणाभोवती घट्ट चिकट द्रवाचे पांघरूण घालतो. ऑक्सिजनला त्यातून झिरपत जावे लागते. ते पांघरूण उडून जायला सुमारे १९०० केल्विनच्या आसपास तापमान लागते. म्हणून बोरॉनचा कण आधी मंद चमकतो, मंदावतो, आणि पांघरूण गेले तरच दुसऱ्यांदा प्रखरपणे पेटतो. बोरॉन स्वतः ४००० केल्विनच्या वर उकळत असल्याने त्याला वाफेची ज्योत मिळत नाही आणि सगळी क्रिया पृष्ठभागावरच होते. शिवाय केरोसिन जळून पाण्याची वाफ तयार झालेली असते. ती पांघरूण लवकर उतरवायला मदत करते, पण नंतर बोरॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या वायुरूप संयुगांत ऊर्जा अडकवून ठेवते. वायू थंड होताना ही संयुगे मोडून द्रव ऑक्साइड तयार झाला नाही, तर ती ऊर्जा इंजिनाच्या मागच्या नळकांड्यातून तशीच बाहेर जाते. बोरॉनच्या कणावर मॅग्नेशियम किंवा टायटॅनियमचे लेपन करून त्याला लवकर तापवण्याचे प्रयत्न याच कारणाने झाले. ॲल्युमिनियमवर तुमचा हात बसल्याशिवाय बोरॉनला हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे कवचाचा आणि पेटण्याचा असे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंततात आणि कोणता परिणाम कशाचा हे सांगता येत नाही.

नॅनो पुडीबद्दल तुमची आशा निराधार नाही, पण तुम्हाला वाटते त्या कारणाने नव्हे. कण ५० नॅनोमीटरचे केले तरी पेक्ले अंक दोन हजारांच्या वरच राहतो, म्हणजे कवच तयार होणारच, आणि गोळ्याचा आकार पूर्वीच्या सूत्राने तोच येणार. बदलते ती छिद्रांची रुंदी. कवचाची पारगम्यता कणाच्या व्यासाच्या वर्गाने घटते, म्हणून ५ मायक्रॉनवरून ५० नॅनोमीटरवर येताना ती दहा हजार पटींनी कमी होते. मगाशी एक शतांश वातावरण आलेला दाब आता शंभर वातावरणांच्या घरात जातो, आणि कवच त्याच्या कितीतरी आधी फाटते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गान आणि चियाओ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली निरीक्षणे या चित्राशी मिळतीजुळती आहेत. एन-डेकेन या द्रव हायड्रोकार्बन इंधनात नॅनो ॲल्युमिनियम घातलेल्या थेंबात त्यांना पाच टप्पे दिसले: तापणे आणि पेटणे, द्रवाचे नेहमीचे ज्वलन, सूक्ष्म स्फोट, सर्फॅक्टंटची ज्योत आणि शेवटी ॲल्युमिनियमची ज्योत. मायक्रॉन आकाराच्या पुडीच्या थेंबात पहिले तीनच टप्पे दिसले. नॅनो कण कमी तापमानाला पेटतात हाही त्यातला वाटेकरी आहे.

या फायद्याची किंमतही मोजावी लागते. हवेतील ॲल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर २ ते ४ नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड असतोच. ५ मायक्रॉनच्या कणात तो नगण्य आहे, पण ५० नॅनोमीटरच्या कणाच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हा आधीच जळून गेलेला धातू असतो. लिटरमागे ऊर्जा वाढवण्यासाठी हा खटाटोप चालला असताना हे परवडणारे नाही. शिवाय नॅनो पुडीचे प्रमाण वाढवले की स्लरी लवकरच लापशीसारखी घट्ट होते आणि तिचा फवारा बारीक होत नाही.

आणि बारीक फवारा हीच या सगळ्यातली सर्वांत प्रभावी कळ आहे. गोळ्याचा व्यास थेंबाच्या व्यासाशी थेट बांधलेला असल्यामुळे १०० मायक्रॉनऐवजी ३० मायक्रॉनचा थेंब करता आला तर तुमच्याच स्लरीत गोळा ८० ऐवजी २४ मायक्रॉनचा होतो, प्रारणाच्या तोट्याची अडचण उरत नाही आणि जळण्याचा काळ सुमारे आठ ते नऊ पटींनी घटतो. अपघर्षक कण नोझल झिजवतात, त्यामुळे असा फवारा दीर्घकाळ टिकवणे हे कठीण अभियांत्रिकी काम आहे. पण कवचाचे रसायनशास्त्र सुधारण्याइतकाच वेळ मी या कामाला देईन.

तुमच्या पुढच्या मालिकेसाठी काही ठोस सूचना. क्वार्ट्झचा तंतू थेंबाच्या व्यासाच्या एक दशांशापेक्षा जाड नसावा, कारण तो उष्णता आत वाहून नेतो, बुडबुड्यांना जागा देतो आणि कवचाला आधारही देतो. थेंबाच्या मागून प्रखर प्रकाश टाकून सावलीचे चित्रण करा, नाहीतर काजळी आणि ज्योतीच्या उजेडात कवच गोठण्याचा क्षण हुकतो. ५, २० आणि ६० टक्के पुडीचे थेंब सर्फॅक्टंटशिवाय जाळून आडव्या रेषेची पातळी वरच्या ताळेबंदाशी ताडून पाहा; सर्फॅक्टंट नसल्याने स्लरी झपाट्याने बसेल, त्यामुळे प्रत्येक थेंब ढवळल्याबरोबर घ्यावा लागेल. मग फक्त ६० टक्क्यांच्या स्लरीत सर्फॅक्टंट पायरीपायरीने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. कोरडी ॲल्युमिनियमची पूड हवेत उधळली तर तिचा स्फोट होतो, म्हणून ती ब्रशने झटकू नका आणि तोलताना सगळी भांडी भू-जोडणीत ठेवा. केरोसिनमध्ये ओलावा असेल तर ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि घट्ट झाकलेल्या बाटलीत दाब साठतो. बाटलीला दाब सोडणारे झाकण वापरा आणि स्लरी आठवड्याभराहून जास्त साठवू नका. जवळ पाण्याची बादली न ठेवता कोरडी वाळू ठेवा, कारण जळत्या धातूवर पाणी टाकले तर आग वाढते.

वरच्या मालिकेतले गोठलेल्या व्यासाचे आकडे हाती आले की ते आणि कापलेल्या गोळ्यांची छायाचित्रे पाठवा. कवचाची जाडी त्यावरून मोजता येईल, आणि तप्त वायूच्या बर्नरवर थेंबाचा कोणता आकार घ्यायचा ते त्या जाडीवरून ठरवू.